चुंबकाची आठवण : टिफ्रॅकपासून पवईपर्यंत

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक यंत्र रीतसर कामाला लागले. त्याचे नाव टिफ्रॅक. हे नाव पंडित नेहरूंनी दिलेले. भारतात आरेखन करून भारतातच बांधलेला हा पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. संगणकाच्या इतिहासात हे आकडे वाचून बहुतेक वाचक पुढे जातात. मला मात्र त्याच्या मेमरीपाशी थांबावेसे वाटले. ती मेमरी लोहचुंबकाची होती.

आमच्या नेसरीत इतिहास म्हटला की पहिल्यांदा प्रतापराव गुजर आणि २४ फेब्रुवारी १६७४चा दिवस आठवतो. ते साहजिकच आहे. पण इतिहास तलवारीचा असतो तसा अवजारांचाही असतो. कोणते अवजार कधी आले, कधी अडगळीत गेले आणि पुन्हा का बाहेर काढावे लागले, यातूनही त्या त्या काळाच्या गरजा कळतात. संगणकातल्या चुंबकाची गोष्ट अशीच आहे. १९५०च्या दशकात तो यंत्राची मेमरी होता. १९७०च्या दशकात सिलिकॉनने त्याला तिथून हटवले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे वीजबिल वाढू लागल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा पुन्हा त्याच्याकडे वळल्या आहेत. या गोष्टीच्या दोन्ही टोकांना मुंबई आहे, म्हणून ती मराठीत सांगायला हवी.

लोखंडाचा मासा

उर्दूत लोहचुंबकाला मक़नातीस म्हणतात आणि होकायंत्राला क़ुतुबनुमा, म्हणजे ध्रुव दाखवणारा. मुस्लिम जगातल्या ग्रंथांत होकायंत्राचा जो सर्वांत जुना उल्लेख मानला जातो, तो आपल्या उपखंडात पूर्ण झालेल्या एका फारसी पुस्तकात आहे. सदीदुद्दीन मुहम्मद औफी हा मूळचा बुखाऱ्याचा विद्वान. तो आधी सिंधमध्ये नासिरुद्दीन क़ुबाचाच्या आश्रयाला होता, नंतर दिल्लीत सुलतान इल्तुतमिशच्या दरबारी आला. त्याचा ‘जवामिउल हिकायात’ हा कथासंग्रह १२३२च्या सुमाराचा. त्यात वाट चुकलेल्या एका जहाजाची हकीकत आहे. कप्तान माशाच्या आकाराचा लोखंडी पत्रा काढतो, पाण्यावर सोडतो, आणि तो पत्रा फिरून एका ठरावीक दिशेला स्थिरावतो. विचारल्यावर कप्तान सांगतो की लोखंडावर चुंबक जोराने घासला की त्याचा गुण लोखंडात उतरतो आणि टिकतो.

आपल्या विषयाचे मर्म त्या ‘टिकतो’ या शब्दात आहे. एकदा घासलेला लोखंडाचा मासा डब्यात पडून राहिला तरी दिशा विसरत नाही. त्याला तेल, लाकूड, वीज यांपैकी काहीही लागत नाही. चुंबकाला आठवण ठेवण्याचा खर्च नाही. खर्च आहे तो फक्त आठवण बदलण्याचा.

८१,९२० कड्या

संगणकाला सगळे काही दोनच अक्षरांत लिहावे लागते, शून्य आणि एक. फेराइट नावाच्या चुंबकीय मातीची, ज्वारीच्या दाण्याहून लहान अशी एक कडी घ्या. तिच्यातले चुंबकत्व घड्याळाच्या दिशेने फिरते आहे असे ठरले तर एक, उलट दिशेने असेल तर शून्य. कडीतून गेलेल्या तारेतून विजेचा छोटा झटका दिला की दिशा बदलते. झटका थांबला तरी दिशा तशीच राहते.

हार्वर्डमध्ये आन वांग यांनी आणि एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेवर काम केले. फॉरेस्टर यांच्या व्हर्लविंड यंत्रात अशी मेमरी १९५३ साली बसली. तारांचे उभे-आडवे जाळे विणायचे आणि प्रत्येक छेदावर एक कडी ओवायची, अशी तिची रचना. एका तारेतून अर्धा झटका आणि दुसरीतून अर्धा झटका दिला की जिथे दोन्ही भेटतात तेवढीच कडी उलटते. हे ओवण्याचे काम सुईसारख्या हत्याराने, भिंगाखाली, बहुतांशी बायकांनी केले. मोत्यांची जाळी विणावी तसे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबईत हेच तंत्र हाताळले जात होते. होमी भाभांच्या संस्थेत १९५४ साली आर. नरसिंहन हे गणितातली डॉक्टरेट घेऊन अमेरिकेहून आले आणि संगणक बांधणाऱ्या गटाचे नेतृत्व करू लागले. आधी एक छोटे चाचणी-यंत्र तयार झाले. ते १९५६ साली चालू लागले. मग मोठे यंत्र. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात. बिटागणिक एक कडी.

आजच्या मापात ही मेमरी जेमतेम १० किलोबाइट. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा ‘सुप्रभात’चा फोटोदेखील यापेक्षा कितीतरी मोठा असतो. पण या ८१,९२० कड्यांमध्ये एक गुण होता, जो आज आपल्या मोबाइलच्या मुख्य मेमरीत नाही. वीज गेली तरी त्यातला मजकूर जागेवर राहत असे.

एक दोषही होता. कडीत काय आहे हे वाचायचे तर तिला झटका द्यावा लागे, आणि त्या झटक्यात मजकूर पुसला जाई. म्हणून वाचले की लगेच पुन्हा लिहायचे. मुलाने फळ्यावरची ओळ वाचली की ओळ नाहीशी व्हावी आणि गुरुजींनी ती प्रत्येक वेळी नव्याने लिहावी, तसा हा प्रकार.

ओल्या बोटाने लिहिलेली पाटी

१९७० साली इंटेल कंपनीची ११०३ ही चिप बाजारात आली. तिच्यात चुंबक नव्हता. सिलिकॉनवर कोरलेल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवायचा, भार असेल तर एक, नसेल तर शून्य. हाताने ओवलेल्या जाळीपेक्षा हे स्वस्त होते, लहान होते आणि दरवर्षी आणखी लहान होत गेले. दशक संपेपर्यंत चुंबकीय कड्यांची मेमरी मागे पडली. चुंबक संगणकातून गेला नाही, पण त्याची जागा बदलली. कॅसेट, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांत तो राहिला. थोडक्यात, विचार करायच्या टेबलावरून उठून तो गोदामात गेला.

या सिलिकॉनच्या मेमरीला डीरॅम म्हणतात. आपल्या मोबाइलची जाहिरात ‘८ जीबी रॅम’ म्हणते ती हीच. तिचा कप्पा गळका असतो. भार हळूहळू निघून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. लहानपणी आपण पाटीवर ओल्या बोटाने अक्षर काढायचो आणि ते डोळ्यांदेखत वाळून जायचे. अक्षर टिकवायचे तर बोट सतत फिरते ठेवायला हवे. डीरॅम तशीच आहे. पन्नास वर्षे हे चालून गेले, कारण वीज स्वस्त वाटत होती आणि चिप दरसाल सुधारत होती.

मात्र गळतीपेक्षा मोठा खर्च दुसरीकडे आहे, आणि त्याचे मूळ टिफ्रॅकच्या आराखड्यातही दिसते. टिफ्रॅकची रचना अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांनी केलेल्या यंत्रावर आधारलेली होती. त्या रचनेत मेमरी एकीकडे आणि गणित करणारा भाग दुसरीकडे असतो. मेमरीतून आकडा आणायचा, हिशेब करायचा, उत्तर परत नेऊन ठेवायचे. आजचे जवळजवळ सगळे संगणक याच वळणाचे आहेत. म्हणजे दुकान नेसरीत आणि गोदाम गडहिंग्लजला. गिऱ्हाइकाने पावशेर साखर मागितली तरी गाडी गडहिंग्लजला पाठवायची.

गाडीभाडे किती पडते? स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. त्या काळच्या चिपवर दोन ३२ बिटी दशांश आकड्यांच्या एका गुणाकाराला सुमारे ४ पिकोज्यूल ऊर्जा लागे, आणि तेवढाच आकडा डीरॅममधून आणायला ६४० पिकोज्यूल. साखरेच्या किमतीच्या दीडशे पटींहून जास्त गाडीभाडे.

मशीन शिकते म्हणजे काय होते

टिफ्रॅकच्या काळात हे चालले, कारण एका वेळी लागणारे आकडे थोडे होते. मशीन लर्निंगने हे गणित बिघडवले.

आज आपण ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो, ती आतून आकड्यांची प्रचंड रास असते. या आकड्यांना ‘वजने’ म्हणतात. हजारो-लाखो उदाहरणे दाखवून ही वजने थोडी थोडी बदलत नेणे म्हणजे मशीनचे शिक्षण. शिकून झाल्यावर प्रश्न विचारला की तो आकड्यांत बदलतो, वजनांशी गुणला जातो, गुणाकारांची बेरीज होते, आणि हेच पुन्हा पुन्हा होऊन उत्तर येते. भाषेचे एक मध्यम मॉडेल घ्या, ७०० कोटी वजनांचे. प्रत्येक वजनाला दोन बाइट धरले तर १४ जीबी होतात. टिफ्रॅकच्या मेमरीच्या तेरा लाख पटींहून जास्त. साध्या पद्धतीने चालवले तर उत्तरातला शब्दाचा प्रत्येक तुकडा तयार करताना ही सगळी रास एकदा मेमरीतून आणावी लागते. पुढच्या तुकड्याला पुन्हा. गडहिंग्लजचा रस्ता गाड्यांनी भरून जातो, आणि वीज हिशेबापेक्षा वाहतुकीत जास्त जाते. आपला मेंदू साधारण २० वॅटवर चालतो, एका मंद दिव्याएवढ्या शक्तीवर. त्यात गोदाम आणि दुकान वेगळे नाही.

इथे माझ्यासारख्या भाषाशिक्षकाने कान टवकारावेत असा एक मुद्दा आहे. ही मॉडेले शब्दांचे तुकडे करून वाचतात, आणि तुकडे पाडण्याची रीत मुख्यतः इंग्रजी मजकुरावर बेतलेली असते. त्यामुळे तोच आशय मराठीत किंवा उर्दूत लिहिला तर सहसा जास्त तुकडे पडतात. जास्त तुकडे म्हणजे जास्त फेऱ्या, जास्त वीज, जास्त पैसे. एकच वाक्य इंग्रजीत स्वस्त आणि आपल्या भाषेत महाग. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. त्यांना लागणारी वीज याच राज्यातून जाते. अशा वेळी हिशेबाचा खर्च कमी करणे हा निव्वळ भौतिकशास्त्राचा प्रश्न उरत नाही. कोणती भाषा यंत्राला परवडेल आणि कोणती नाही, हा प्रश्न त्यात येतो.

दोन पापुद्रे

चुंबकाचे पुनरागमन एका शोधापासून सुरू झाले. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले की चुंबकाचे अतिपातळ थर एकावर एक ठेवले तर त्यांच्या दिशेप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलतो. २००७चे नोबेल त्यांना याचसाठी मिळाले. पुढे दोन चुंबकीय पापुद्र्यांच्या मध्ये विद्युतरोधकाचा थर घालून हाच गुण आणखी ठळक करता आला. हा मधला थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा असतो. दोन्ही पापुद्रे एकाच दिशेचे असतील तर वीज सहज जाते, उलट असतील तर अडखळते. एक पापुद्रा पक्का ठेवायचा आणि दुसरा उलटसुलट करायचा. झाली मेमरी. वाचताना मजकूर पुसला जात नाही, म्हणजे टिफ्रॅकच्या काळचा दोषही गेला.

उलटवायचे कसे? १९९६ साली जॉन स्लोन्चेव्स्की आणि ल्युक बर्जर यांनी सैद्धांतिक वाट दाखवली. इलेक्ट्रॉन स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. या गुणाला स्पिन म्हणतात. एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन पापुद्र्यात पाठवले की ते आपला पीळ त्याला देतात आणि तो फिरतो. बाहेर तारेचे वेटोळे लागत नाही.

इथे मुंबईचे नाव पुन्हा येते. ज्या संस्थेत टिफ्रॅक बांधला गेला, तिथेच संशोधन केलेले अश्विन तुळापूरकर पुढे जपानला गेले. २००५ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. अशा दोन पापुद्र्यांच्या जोडीत उच्च वारंवारतेची उलटसुलट वीज सोडली की तिच्यातून एकदिश दाब मिळतो, हे त्यांनी दाखवले. याला स्पिन-टॉर्क डायोड परिणाम म्हणतात. तुळापूरकर आज पवईच्या आयआयटीत शिकवतात. २०२३ साली फ्रान्समधल्या ज्युली ग्रोलिए यांच्या गटाने चुंबकीय घटकांचे अनेक थरांचे न्यूरल जाळे करून दाखवले, आणि त्यातली ‘वजने’ याच डायोड परिणामावर चालत होती. त्याआधी २०१८ साली याच गटाने चार चुंबकीय आंदोलकांकडून बोललेले स्वर ओळखून घेतले होते. अ, आ, इ, ई शिकवणाऱ्या माणसाला ही बातमी विशेष वाटणारच.

पवईत आणखीही काम चालू आहे. देबांजन भौमिक यांचा भर एका लांबट चुंबकीय पट्टीवर आहे. पट्टीचा एक भाग एका दिशेचा, दुसरा उलट दिशेचा, आणि मधली सीमा विजेने पुढेमागे सरकवायची. त्यामुळे शून्य आणि एक यांच्या मधल्या किमतीही साठवता येतात, आणि शिकताना वजन थोडे थोडे बदलायचे असते त्यासाठी हे सोयीचे आहे. भास्करन मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी चित्रे ओळखणाऱ्या जाळ्यांसाठी अशा चुंबकीय जोड्यांची प्रारूपे मांडत आहेत.

वीज वाचते कशी, ते नीट पाहू. प्रत्येक छेदावर एक चुंबकीय जोडी असलेले जाळे घ्या. जोडी विजेला किती वाट देते हे तिचे वजन. आडव्या तारेवर प्रश्नाचे आकडे विजेच्या दाबाच्या रूपात द्या. ओहमच्या नियमाने प्रत्येक छेदावर गुणाकार आपोआप होतो, आणि उभ्या तारेत सगळे प्रवाह एकत्र येऊन बेरीजही आपोआप होते. वजन जागचे हलत नाही. दुकान गोदामातच मांडले, मग गाडीभाडे कशाचे? टिफ्रॅकच्या कड्यांचे जाळे आठवा. आकार तोच आहे, फक्त आता जाळे मजकूर जपताजपता गणितही करते.

मूळ कल्पनेतलाही चुंबक

यंत्राला शिकवण्याच्या कल्पनेतही चुंबक होताच. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ साली न्यूरल जाळ्याची जी मांडणी केली, तिच्यामागे चुंबकातल्या वर-खाली तोंड केलेल्या स्पिनचे गणित होते. शेजारी एकमेकांवर परिणाम करत शेवटी एका स्थिर रचनेत बसतात, ती रचना म्हणजे आठवण. २०२४च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये हॉपफिल्ड यांचा वाटा होता. त्याआधी २०२२चे बोल्ट्झमन पदक त्यांच्यासोबत ज्यांना मिळाले ते दीपक धर. अनेक वर्षे टाटा संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसरमध्ये काम केलेले, हे पदक मिळवणारे पहिले भारतीय.

आणि नरसिंहन? टिफ्रॅक उभा केल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते काही वर्षे अमेरिकेत इलिनॉयला गेले. तिथे कणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राने कशी ओळखावीत, यावर त्यांनी काम केले. पुढे भाषा आणि बुद्धी यांच्या अभ्यासाकडे ते वळले. चुंबकाच्या मेमरीचे यंत्र बांधणारा माणूस यंत्राला पाहायला शिकवू लागला, हे सगळे साठ वर्षांपूर्वी. या दोन कामांचा सांधा आज पवईत जुळतो आहे.

हुरळून जाण्याआधी

हे चित्र जेवढे सुंदर आहे तेवढेच अपुरे आहे. २०२२ साली सॅमसंगच्या संशोधकांनी चुंबकीय मेमरीतच हिशेब करणारी चिप दाखवली. तिने हाताने लिहिलेले अंक ९८ टक्के अचूक ओळखले. पण तिचे जाळे ६४ गुणिले ६४ होते, म्हणजे ४,०९६ छेद. कुठे चार हजार आणि कुठे ७०० कोटी. चुंबकीय जोडीच्या दोन अवस्थांतला विजेचा फरक साधारण दोन-तीन पटींचाच असतो, त्यामुळे वाचताना चूक होण्याची भीती राहते. लिहायला झटका लागतोच, आणि तो अजून फारसा स्वस्त नाही. शिवाय चुंबक फार लहान केला की नुसत्या उष्णतेने त्याची दिशा उलटू शकते.

दुसरी सावधगिरी इतिहास शिकवतो. १९६४ साली टाटा संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे बलाढ्य यंत्र आले आणि त्यानंतर लवकरच टिफ्रॅकचे काम थांबले. नवे यंत्र आणणे चूक नव्हते. त्यावर शेकडो संशोधकांची कामे झाली. पण स्वतः बांधायची जी सवय टिफ्रॅकने लावली होती, ती पुढच्या पिढीच्या मेमरी-चिपपर्यंत पोचली नाही. डीरॅमचे युग आपण गिऱ्हाईक म्हणून पाहिले.

आता चुंबकाची पाळी पुन्हा आली आहे आणि पवईत माणसे आहेत, प्रयोगशाळा आहे, निबंध आहेत. निबंधाची चिप होण्यासाठी कारखाना, पैसा आणि पंधरा-वीस वर्षांचा धीर लागतो. ती झाली तर मराठी आणि उर्दू समजणारे यंत्र डेटा सेंटरला न विचारता, खेड्यातल्या शाळेच्या कपाटात, वीज गेली तरी आपले वजन न विसरता राहू शकेल. झाली नाही, तर तेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या भाषेचा हिशेब आधी मांडून, दुसऱ्या कुणाच्या दराने आपल्याकडे येईल. टिफ्रॅकच्या ८१,९२० कड्या ओवल्या गेल्या तेव्हा पर्याय आपल्या हातात होता. आजही तो काही वर्षे आहे.